हात धुऊन ऐकायची गाणी

तापीच्या या काठाला किंवा त्या काठाला आमच्या फुवांइतका गाण्याचा हट्टी माणूस झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. फुवा म्हणजे माझ्या फुईचे, आत्याचे यजमान. मी गाण्याचा हट्टी म्हटलंय, जाणकार नाही. राग कुठला आणि ताल कुठला हे त्यांना आजवर कळलेलं नाही, आणि ते कळावं अशी त्यांची इच्छाही नाही. त्यांचा हट्ट एकच. गाणं ऐकायचं तर रेकॉर्डवर, बाकी सगळी बडबड. रेडिओ म्हणजे बडबड, कॅसेट म्हणजे गुंतवळ झालेली बडबड, सीडी म्हणजे चकचकीत बडबड, आणि मोबाईल म्हणजे तर खिशात घालून हिंडायची बडबड. त्यांच्या जळगावच्या घरात दोनच खोल्या होत्या आणि त्यातल्या पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत रेकॉर्डींनी भरलेली होती. पाहुणा आला की आधी रेकॉर्डींना धक्का न लावता आत कसं यायचं हे त्याला शिकावं लागे, आणि मग पाणी मिळे.

या रेकॉर्डी काही हौसेने जमवलेल्या नव्हत्या, पोटापाण्याच्या होत्या. तरुणपणी दोंडाईच्याला फुवांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन कर्णे, एक बॅटरी, रेकॉर्ड वाजवायची पेटी आणि गाण्यांच्या ट्रंका असा संसार टेम्पोत घालून ते गावोगावच्या लग्नांना जात. कर्णा लिंबाच्या झाडावर बांधायचा आणि त्याच्या बुडाशीच बाज टाकून पेटी मांडायची. कर्ण्याखाली बसलं की स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून मांडवातली माणसं आणि फुवा यांच्यात हातांची एक भाषा ठरलेली होती. मांडवातून कोणी एक बोट वर केलं की गाणं लाव. पालथा पंजा खाली दाबला की आवाज कमी कर, नवरीच्या आजीचं डोकं दुखतंय. मूठ मिटली की बंद, मंगलाष्टकं सुरू होताहेत. आणि हवेत बोट गोल फिरवलं की ही बाजू संपली, रेकॉर्ड उलटव. पुढे कॅसेटी आल्या, मग डीजे आला, आणि फुवा जळगावला येऊन एका जिनिंग मिलच्या फाटकावर नोकरीला लागले. कर्णे भंगारात गेले. पेटी आणि ट्रंका मात्र जळगावला आल्या, आणि हातांची ती भाषाही त्यांच्या मागोमाग आली.

घरी फुवा पेटीजवळ बसत आणि समोरच्या खुर्चीत फुई लसूण सोलत बसे. गाणं सुरू झालं की फुईचं एक बोट वर. आवाज फार मोठा झाला की पालथा पंजा. बाजू संपली की तेच बोट गोल फिरे, आणि त्याबरोबर लसणाची सालंही गोल फिरत खाली पडत. फुवा लगेच उठत. आम्हा पोरासोरांना वाटे, हे म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी लाडीगोडीचं प्रकरण असावं. मी तर एकदा फुईला चिडवलंही होतं, की बोलायला तोंड असताना या वयात खाणाखुणा कशाला. ती हसली आणि म्हणाली, "तुले नही समजाव." मला ते खरंच समजलं नाही.

रेकॉर्डीला हात लावायचा तर हात धुतलेला पाहिजे, हा घरातला पहिला नियम. नुसता धुतलेला नव्हे, पुसलेला, आणि पुसून झाल्यावर फुवांनी दोन्ही बाजूंनी तपासलेला. आमच्याकडची शेवभाजी खाल्ल्यावर बोटांचा लाल रंग संध्याकाळपर्यंत जात नाही, त्यामुळे रविवारी जेवणानंतर आलेल्या माणसाचे हाल होत. "आधी हात धुई ये, मंग हात लाव," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की परवा बँकेत सही करायच्या आधी मी नकळत नळ शोधत होतो. रेकॉर्ड धरायचीही रीत ठरलेली. बोटं लावायची नाहीत. दोन्ही तळव्यांच्या मध्ये तिच्या कडा धरायच्या, तान्ह्या पोराचं डोकं धरतात तसं. फुवांच्या मुलाला, विजूला, फुवांनी कधी असं धरल्याचं कोणाला आठवत नाही.

आणि तो कूलर! जळगावच्या मे महिन्यात दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही. रेकॉर्डी त्या उन्हाने वाकड्या होतात, भाजलेल्या पापडासारख्या. म्हणून घरातला एकुलता एक कूलर पुढच्या खोलीत रेकॉर्डींसमोर लावलेला असे आणि माणसं आतल्या खोलीत पंख्याखाली घामाघूम होऊन पडलेली असत. फुई पदराने वारा घेत म्हणे, "मी बी कायी आन् गोल ऱ्हाती, ते माले बी कूलर भेटता." फुवांना हे ऐकू गेलं नाही असं दाखवायची त्यांची लकब होती. दारावरची घंटा वाजली तरी ते असेच ढिम्म बसून राहत. गाणं अर्धं टाकून उठणारा माणूस नव्हे हा, असं आम्ही कौतुकाने सांगत असू.

माझं आणि त्यांचं वाकडं आलं ते मोबाईलवरून. सगळ्या भावकीचे मोबाईल लावून द्यायचं काम माझ्याकडे आहे आणि त्याची मला थोडी घमेंडही आहे. मी त्यांना समजावलं, की फुवा, तुमच्या या भिंतभर रेकॉर्डी माझ्या खिशात मावतात. झिजत नाहीत, वाकत नाहीत, खरखर नाही, उलटवायला नको, की कूलर नको. एका वाढदिवसाला मी त्यांना मोबाईलला जोडायचा एक लहानसा स्पीकर आणून दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, कानाशी नेला, तळव्यावर ठेवला, आणि त्याचं नाव 'डबी' ठेवून दिलं. म्हणाले, "हाई डबीमा काय दिखस? गाणं नुसतं ऐकानं नही ऱ्हास भाऊ, दखानंबी ऱ्हास." सुई काठाशी असली की गाणं नुकतंच सुरू झालंय, मध्यावर आली की अंतरा, आत आत गेली की निरोपाची वेळ, हे ते मला बोट दाखवून शिकवत. आणि वर सांगत, "बाजू उलटाले उठनं पडस, म्हनीसन गाणं ध्यानमा ऱ्हास." ते स्वतः ऐकताना पेटीच्या लाकडावर उजवा तळवा टेकून बसत, डोळे सुईवर लावून. मी हे सगळं त्यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या खात्यात टाकलं आणि चार लोकांत रंगवून सांगितलं. लोक हसले. मीही हसलो.

या भांडणातून त्यांची ती प्रसिद्ध परीक्षा निघाली. रविवारी दुपारी जो कोणी घरी येईल त्याला खुर्चीत बसवायचं, स्वतःच्या पांढऱ्या रुमालाने त्याचे डोळे बांधायचे, आणि एकच गाणं एकदा रेकॉर्डवर आणि एकदा डबीवर लावायचं. मग विचारायचं, कोणतं बरं. रेकॉर्ड म्हणणाऱ्याला चहा मिळे आणि वर बिबड्याचा पापड. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी एकदा धाडस करून सांगितलं की दुसरं जास्त स्वच्छ वाटलं. फुवांनी त्यांच्या ओठांकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ तं दवाखानाबी ऱ्हास मास्तर. तठे गाणं ऐकाले कोन जास?" मास्तरांना त्या दिवशी चहा मिळाला नाही. पुढल्या रविवारी ते शहाणे होऊन आले. अशी दोन-तीन वर्षं परीक्षा चालली, आणि त्यात सगळ्यांचे डोळे बांधून झाले, माझे तर चार वेळा. परीक्षकाची परीक्षा घ्यावी हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

फुई गेली ती अगदी साध्या तापाने, चार दिवसांत. तेराव्यापर्यंत पेटी बंदच होती. त्यानंतर फुवांनी ती पुन्हा लावली, पण काहीतरी बिघडलं. सुई आतल्या काठाला जाऊन नुसती खर्र खर्र करत राही आणि फुवा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेले असत. बाजू संपल्याचं त्यांच्या ध्यानातच येत नसे. कधी आवाज एवढा मोठा की गल्ली गोळा व्हावी, कधी इतका लहान की काहीच नाही. आम्ही म्हटलं, दुःख आहे, दुसरं काय. माणसं दुःखाचं नाव घेऊन किती गोष्टींकडे बघायचं टाळतात, हे मला आता समजतंय.

विजू धुळ्याला असतो. त्याने ठरवलं की वडिलांना एकटं ठेवायचं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण त्याची जागा लहान. भिंतभर रेकॉर्डी तिथे कुठे ठेवणार? इंदूरकडचं एक गिऱ्हाईक सगळ्या एकदम न्यायला तयार होतं. फुवा मात्र म्हणत, रेकॉर्डी येतील तर मी येईन. विजू माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, तुझं ऐकतात ते. तू काहीतरी कर." आणि मला, हुशार माणसाला, युक्ती सुचली.

फुईचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, आणि पुढच्या खोलीत मी, विजू आणि फुवा असे तिघेच उरलो. मी फुवांच्या समोर बसलो आणि म्हणालो, "फुवा, आजवर तुम्ही सगळ्यांचे डोळे बांधले. आज तुमचे. कोणती रेकॉर्ड आणि कोणती डबी हे ओळखलंत, तर सगळ्या रेकॉर्डी धुळ्याला येतील. विजूच्या भिंतीला फळ्या मी स्वतः ठोकून देतो. नाही ओळखलं, तर रेकॉर्डी गिऱ्हाइकाला आणि तुम्ही डबी घेऊन धुळ्याला." त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं, मग फुईच्या खुर्चीकडे. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण खिशातून तो पांढरा रुमाल काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बांध."

मी बांधला. गाठ चांगली घट्ट मारली. रेकॉर्ड लावली. इकडे त्यांचा उजवा हात हवेत चाचपडत पेटीकडे निघाला आणि लाकडाला टेकणार एवढ्यात मी तो धरला. "हात लावायचा नाही फुवा, ही चोरी झाली," असं म्हणून मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. विजू हसला. हात मांडीवर पडून राहिला. गाणं संपल्यावर मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि तेच गाणं डबीवर लावलं. ते संपल्यावर पुन्हा थाप मारली. फुवांनी मान वळवली, पण आमच्याकडे नाही. फुईची खुर्ची जिकडे होती तिकडे. डोळ्यांवर रुमाल असतानाही. मग म्हणाले, "दोन्ही सारखंच शे."

मी टाळी वाजवली, हे मी लपवणार नाही. ज्या माणसाने दोन-तीन वर्षं साऱ्या गल्लीला वेठीला धरलं त्याच्या तोंडून मी कबुली घेतली होती. फुवांनी रुमाल स्वतःच सोडला, त्याची चौकोनी घडी घातली, आणि भिंतीकडे न बघता विजूला म्हणाले, "लई जा." तीन दिवसांनी रेकॉर्डी केळीच्या खोक्यांत भरून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर पेटीही गेली. खोकी भरताना फुवा हात धुऊन आले आणि एकेक रेकॉर्ड दोन तळव्यांत धरून त्यांनी स्वतः आत ठेवली. गिऱ्हाइकाचा माणूस घाईत होता, तरी त्याचेही हात त्यांनी दोनदा धुवायला लावले.

त्यानंतर मी धुळ्याला गेलो तो चार-पाच महिन्यांनी. दुपारची वेळ होती. सूनबाईने दार उघडलं, हळूच म्हणाली, "आबा गॅलरीत गाणी ऐकताहेत. रोज मोबाईल लावून देते, मग दोन-दोन तास छान बसतात." माझी छाती थोडी फुगली. गॅलरीत फुवा माझ्याकडे पाठ करून बसले होते, मांडीवर डबी, डबीवर तळवा. मी दारातच थांबलो. एक गाणं संपलं, आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी जाहिरात लागली. एक बाई खणखणीत आवाजात पायांच्या भेगांवरचं मलम विकत होती. फुवा मान डोलवत होते. गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होते. बाई म्हणाली, सात दिवसांत टाच मऊ. आणि फुवा म्हणाले, "वा! काय गायनी!"

मला आधी हसू आलं. मग कर्ण्याच्या बुडाशी गेलेली ती सगळी वर्षं, फुईचं वर गेलेलं बोट, पेटीवर टेकलेला तळवा, मास्तरांच्या ओठांकडचं ते बघणं, न ऐकलेली घंटा, आणि शेवटी मी उचलून मांडीवर ठेवलेला तो हात, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी जाऊन त्यांच्या पुढ्यात स्टुलावर बसलो. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना समजलं की मला समजलंय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लई वरीस व्हई ग्यात," फुवा म्हणाले. "बोलनं समोरनाना तोंडवरथीन समजस. गाणंले तोंड नही ऱ्हास. पन रेकॉर्डवर सुई दिखे, हातले थरथर लागे, आन् समोर तुन्ही फुई बसे. जवलोंग ती व्हती, तवलोंग चालनं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"कर्नावाला बहिरा व्हई गया, अशे सांगू? लोके हासतीन." मग जणू माझीच समजूत घालावी तसे म्हणाले, "आन् तू इतला खूश व्हता."

मी तिथेच उठून गॅलरीच्या कठड्याशी उभा राहिलो आणि इंदूरच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. जे मागेल ते देईन, सगळ्या परत पाहिजेत, म्हणालो. तो चांगला माणूस होता, त्याने खरं ते सांगितलं. चांगल्या रेकॉर्डी आणि पेटी सुट्या सुट्या विकल्या गेल्या. बाकीच्या हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेल्या, भिंतीवर ठोकल्या. मधोमध भोक आहेच, खिळ्याला सोपं पडलं, असंही तो म्हणाला. फुवा शेजारीच बसले होते. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही, याचं मला त्या घडीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मी वळलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तळवा पुन्हा डबीवर टेकवला.

मग मी स्टूल त्यांच्या समोर ओढलं, जळगावला फुईची खुर्ची असायची तेवढ्या अंतरावर. मोबाईलवर त्यांच्या जुन्या लग्नांतलं एक हळदीचं गाणं शोधलं, त्याचं नाव त्यांना दाखवलं, लावलं, आणि एक बोट वर केलं. फुवांनी बोटाकडे पाहिलं. डबीवरचा तळवा जरा सरळ केला. गाणं कुठवर आलं ते दाखवायला मी दुसऱ्या हाताचं बोट सुईसारखं काठावरून आत आत आणत राहिलो. माझं चुकत असावं, कारण मधूनच ते मान हलवून 'अजून नाही' असं सुचवत होते. गाणं त्यांना तोंडपाठ होतं. गाणं संपलं तेव्हा मूठ मिटायची हे मी विसरलो. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली होती ती फुईची लसणाच्या सालांसकटची गोल फिरणारी खूण, तीच मी केली.

फुवा ताडकन उठले. या वयात इतक्या चपळाईने ते उठतील असं मला वाटलं नव्हतं. डबी खुर्चीवर ठेवून ते आत गेले, नळाचा आवाज आला, आणि पंच्याला हात पुसत ते परत आले. माझ्यासमोर येऊन, दोन्ही तळवे जरासे पुढे करून, ते उभे राहिले. आणि मग त्यांनाही आठवलं. त्या धुतलेल्या हातांत द्यायला आम्हा दोघांकडेही काही उरलेलं नव्हतं.

ते हात तसेच मागे जाणं मला सोसवलं नसतं. मी घाईघाईने बेसिनवर जाऊन माझे हात धुतले, पुसले, दोन्ही बाजूंनी त्यांना दाखवले. त्यांनी ते तपासले. मग मी खुर्चीवरची डबी उचलून त्यांच्यापुढे धरली. फुवांनी तिला बोटं लावली नाहीत. कडा दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरल्या, डबी हळूच उलटी केली, मांडीवर घेतली, आणि माझं बोट कधी वर होतंय याची वाट बघत ते माझ्यासमोर बसून राहिले.